नाव आहे, गाव नाही: आयर्लंडमधल्या पूर्वजांबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आयर्लंडबद्दलची पत्रं बरीच आली. कुणाचा जावई आयरिश वंशाचा, कुणी नोकरीनिमित्त डब्लिनला स्थायिक, तर कुणाच्या घराण्याचा मूळपुरुष गोऱ्या पलटणीतून पुण्याला आलेला. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे ते एकाच अंकात घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत आणि पत्रांमधली कुळांची नावंही बदलली आहेत.

जावयाचे खापरपणजोबा १८८० च्या सुमारास, विशीत असताना, आयर्लंडहून बॉस्टनला गेले. नाव पॅट्रिक मर्फी, वडील जॉन, काउंटी कॉर्क, एवढंच माहीत आहे. आयर्लंडच्या सरकारी संकेतस्थळावर जन्म शोधला, तर पॅट्रिक मर्फींची रांगच लागली. यातले आमचे कोणते? — ठाणे

बहुधा त्यातलं कुणीच नाही. १८८० मध्ये जो विशीत होता तो १८६० च्या आसपास जन्मला, आणि आयर्लंडमध्ये सगळ्या जन्मांची सरकारी नोंद सुरू झाली १ जानेवारी १८६४ पासून. मृत्यू आणि कॅथलिक विवाह यांची नोंदही त्याच दिवसापासून. फक्त कॅथलिकेतर विवाह १ एप्रिल १८४५ पासून नोंदले जात होते. म्हणजे तुमच्या पॅट्रिकचा सरकारी जन्मदाखला कधी तयारच झाला नसावा. समोर आलेल्या यादीतला जवळच्या वर्षाचा माणूस उचलून आपल्या वंशावळीत बसवणं ही या कामातली सर्वांत मोठी चूक. मर्फी हे आयर्लंडमधलं सर्वाधिक आढळणारं आडनाव आणि कॉर्क ही आकाराने सर्वांत मोठी काउंटी. नाव, बापाचं नाव आणि काउंटी एवढ्या भांडवलावर तिथे माणूस हाती लागत नाही.

आणखी दोन गोष्टी हव्यात: आईचं माहेरचं आडनाव आणि टाउनलँडचं नाव. टाउनलँड म्हणजे तिथलं जमिनीचं स्वतःचं नाव असलेलं सर्वांत लहान एकक, आपल्याकडच्या वाडी किंवा शिवारासारखं. अशी साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. एकच नाव पाच काउंट्यांत सापडतं आणि काहींत तर एकही घर नाही.

या दोन्ही गोष्टी आयर्लंडमध्ये शोधू नका. पूर्वज जिथे पोचला तिथे शोधा. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात विवाह आणि मृत्यूच्या नोंदीत आईबापांची नावं विचारली जात. तिथल्या कॅथलिक चर्चची विवाहनोंद वेगळी मागवा. सरकारी नोंदीत नुसतं 'आयर्लंड' असतं तिथे पाद्रीबाबांनी कधी कधी मूळ धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख) लिहून ठेवलेला असतो. कबरीवरच्या दगडावर 'अमुक पॅरिशचा रहिवासी' असं कोरण्याची तिकडच्या आयरिश लोकांना हौस होती. १९०६ पूर्वीच्या नागरिकत्वाच्या कागदांवर मात्र फार वेळ घालवू नका, त्यांत बहुतेक वेळा देशाच्या नावापलीकडे काही नसतं. आणि फक्त पॅट्रिककडे बघू नका. त्याच्यामागून आलेल्या बहिणीच्या मृत्यूच्या नोंदीत आईचं आडनाव मिळालं, तर ते त्याचंही झालंच.

(हीच मंडळी ऑस्ट्रेलियाला गेली असती तर काम सोपं होतं. तिथल्या जुन्या मृत्यूदाखल्यांवर आईबाप, आईचं माहेरचं आडनाव, जन्मठिकाण आणि वसाहतीत काढलेली वर्षं असे रकाने आहेत. स्कॉटलंडमध्येही १८५५ पासूनच्या मृत्यूनोंदीत आईबाप दोघं असतात.)

आईचं आडनाव हाती आलं, समजा सलिवान, की मग आयर्लंडकडे वळा. जॉन मर्फी आणि मेरी सलिवान या जोडप्याची १८६४ नंतर जन्मलेली धाकटी मुलं सरकारी नोंदीत असतील. त्या नोंदीत टाउनलँड लिहिलेलं असतं. ते मिळालं की त्या टाउनलँडच्या धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची वही उघडून थोरल्या पॅट्रिकला गाठायचं. मोठ्याकडे जाण्याची वाट धाकट्यांच्या दारावरून जाते.

आजेसासूबाई ब्रिजेट यांचा बाप्तिस्मा चर्चच्या वहीत ३ मार्च १८७२ ला आहे, तर सरकारी जन्मनोंदीत जन्मतारीख २० एप्रिल १८७२. जन्माआधी बाप्तिस्मा कसा? ही दोन वेगळी बाळं समजायची का? — कोल्हापूर

बाळ एकच. जन्म ४२ दिवसांच्या आत नोंदवला नाही तर दंड होता. शेतातली कामं, निबंधकाचं कार्यालय मैलोनमैल दूर, त्यामुळे बाप किंवा आजी उशिराच पोचायची आणि दंड चुकवायला जन्मतारीख पुढे ओढून सांगायची. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत नोंदणीची तारीख २८ मे आहे. तिथून मागे मोजा, २० एप्रिलला ३८ दिवस होतात. हिशेब बरोबर बेताने केलेला दिसतो. कॅथलिक घरात बाळाचा बाप्तिस्मा एकदोन दिवसांत उरकत, कारण बाप्तिस्म्याविना मूल दगावण्याची धास्ती होती. म्हणून तारखेच्या बाबतीत चर्चवर विश्वास ठेवा, आणि टाउनलँड, बापाचा धंदा, नोंद करणाऱ्याचं नातं यांसाठी सरकारी वहीवर.

सरकारी नोंदींच्या प्रतिमा 'आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई' या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. १०० वर्षांपेक्षा जुने जन्म, ७५ वर्षांपेक्षा जुने विवाह आणि ५० वर्षांपेक्षा जुने मृत्यू, असा नियम आहे. उत्तरेकडच्या सहा काउंट्यांच्या (आजच्या उत्तर आयर्लंडच्या) १९२१ पर्यंतच्या नोंदी इथेच मिळतात. त्यानंतरच्या बेलफास्टच्या निबंधक कार्यालयाच्या संकेतस्थळावर पैसे भरून बघाव्या लागतात, वर्षांची अट तीच.

शोधताना तीन ठिकाणी ठेच लागते. पहिली जागा जिल्ह्याची. यादीत दिसणारा नोंदणी जिल्हा म्हणजे काउंटी नव्हे, तो गरिबांसाठीच्या कायद्याखाली आखलेला 'युनियन'. मध्ये एक बाजाराचं गाव, तिथे वर्कहाउस (निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणारं घर) आणि भोवतीचा टापू. हे टापू काउंटीची हद्द जुमानत नाहीत. अथलोन युनियन वेस्टमीथ आणि रॉसकॉमन दोन्हींत पसरलं होतं. म्हणून रॉसकॉमनचा माणूस अथलोनखाली सापडला तर तो आपला नाही म्हणून सोडू नका. शिवाय जुन्या कागदांत क्वीन्स काउंटी म्हणजे आजचं लीश, किंग्ज काउंटी म्हणजे ऑफली आणि क्वीन्सटाउन म्हणजे कोव्ह बंदर.

दुसरी ठेच नावांची. ब्रिजेटला घरात बिडी म्हणत आणि अमेरिकेत गेली की ती डिलिया होई. होनोरा, हनोरा, नोरा एकच. जेरेमाया आणि डार्बी हा एकच माणूस असू शकतो, तसेच ओवेन आणि युजीन. आडनावामागचं 'ओ' किंवा 'मॅक' कधी असतं, कधी गळतं, एकाच कुटुंबातल्या सख्ख्या भावांतही. ओसलिवान आणि सलिवान दोन्ही टाकून बघावं. मॅकगोवनचं इंग्रजीत स्मिथ झालेलं आढळतं, कारण मूळ आयरिश शब्दाचा अर्थच लोहाराचा मुलगा.

तिसरी ठेच म्हणजे नोंदीकडून नको ती अपेक्षा. विवाहनोंदीत दोन्ही बापांची नावं आणि धंदे असतात, आयांची नावं नसतात. वयाच्या रकान्यात पुष्कळदा फक्त 'पूर्ण वय' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ २१ किंवा अधिक, मग वर २२ चा असो की ४५ चा. मृत्यूनोंदीत आईबापांचा पत्ताच नाही. तिथे वाचायचा तो शेवटचा रकाना: खबर कुणी दिली, 'मृत्यूसमयी हजर' कोण होतं. विवाहित लेक खबर द्यायला आली असेल तर तिचं सासरचं आडनाव आणि राहण्याची जागा आयती मिळते. 'थायसिस' असा आजार लिहिलेला असेल तर तो क्षय.

१९०१ च्या जनगणनेत पणजोबा ५४ वर्षांचे आणि १९११ मध्ये ७१! कोणती बरोबर? — डब्लिन

१९०९ च्या जानेवारीपासून तिथे सत्तरी गाठलेल्यांना सरकारी पेन्शन मिळू लागलं. तोवर आपलं नेमकं वय किती याची फिकीर फारशी कुणी केली नव्हती, एकाएकी सगळ्यांना सत्तर व्हायची घाई झाली. त्या पिढीकडे जन्मदाखला असणं शक्यच नव्हतं, त्यामुळे अधिकारी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेच्या कागदांत अर्जदाराला शोधत. ते मूळ कागद बहुतांश जळाले, पण शोधासाठी भरलेले अर्ज राष्ट्रीय अभिलेखागाराकडे राहिले आणि ते आता ऑनलाइन आहेत. पणजोबांचा अर्ज सापडला तर त्यांच्या आईबापांची नावं आणि १८४१ किंवा १८५१ मधलं टाउनलँड दोन्ही मिळतील. वय मात्र बाप्तिस्म्याच्या वहीतूनच ठरवा. जाता जाता १९११ च्या तक्त्यातले उजवीकडचे रकाने वाचायला विसरू नका: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती. अमेरिकेला गेलेल्या मुलांचा हिशेब तिथे लागतो.

आयर्लंडचं सगळं दप्तर १९२२ च्या आगीत गेलं असं ऐकतो. मग एवढी खटपट कशासाठी? — नागपूर

सगळं नाही गेलं. यादवी युद्धाच्या सुरुवातीला, २८ जून १९२२ पासून, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीवर तोफा डागल्या गेल्या आणि ३० जूनला स्फोट होऊन आवारातला सार्वजनिक दप्तरखाना जळाला. त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ साऱ्या गेल्या, मूळ मृत्युपत्रं गेली, आणि प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक पॅरिशच्या वह्या गेल्या. १८७१ च्या आरंभी त्या चर्चचा राजाश्रय काढून घेतल्यावर त्याच्या जुन्या वह्या सरकारी दप्तर ठरल्या होत्या आणि सुरक्षित राहाव्यात म्हणूनच त्या तिथे नेल्या होत्या!

कॅथलिक वह्यांना सरकारने कधी हात लावला नाही, त्या गावोगावच्या धर्मगुरूंच्या कपाटात राहिल्या आणि वाचल्या. जन्म, विवाह, मृत्यू यांचं निबंधकांचं दप्तरही वेगळ्या जागी असल्याने शाबूत आहे. १८६१ ते १८९१ च्या चार जनगणनांचं खापर मात्र आगीवर फोडू नये. पहिल्या दोन सरकारने स्वतःच नष्ट केल्या आणि नंतरच्या दोन पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेल्या. म्हणून पूर्ण स्वरूपात मिळणारी सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची.

मधल्या भगदाडावर दोन ठिगळं लावतात. ग्रिफिथचं मूल्यांकन, १८४७ ते १८६४: जमीन किंवा घर कसणाऱ्या, राखणाऱ्या कुटुंबप्रमुखांची टाउनलँडवार यादी, नकाशासह आणि फुकट. आणि त्याआधीचे, १८२३ ते १८३७ मधले, टाइद कराचे, म्हणजे शेतीवर चर्चसाठी घेतल्या जाणाऱ्या कराचे, तक्ते. दोन्हींत फक्त कुटुंबप्रमुख असतो, बायकामुलं नाहीत, आणि शेतमजूर पुष्कळदा निसटतात. सातबारा पाहून घरात मुलं किती हे जसं कळत नाही, तसंच हे. पूर्वज प्रोटेस्टंट असतील तर डब्लिनमधल्या चर्च ऑफ आयर्लंडच्या ग्रंथालयाने कोणत्या पॅरिशच्या वह्या शिल्लक आहेत याची यादी प्रसिद्ध केली आहे, ती आधी बघा. कित्येक ठिकाणी पाद्र्यांनी आगीपूर्वी करून ठेवलेल्या नकला आहेत.

राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आमच्या धर्मग्रामाची वही उघडली. अक्षर लागत नाही, भाषा लॅटिन, नाव शोधायची सोय नाही. वाचायची कशी? — वसई

या संकेतस्थळावर २०१५ पासून एक हजाराहून अधिक कॅथलिक धर्मग्रामांच्या, साधारण १८८० पर्यंतच्या, वह्यांच्या प्रतिमा आहेत. तिथे नुसत्या प्रतिमा आहेत, नावांची सूची नाही. सूची 'फाइंडमायपास्ट' आणि 'अँसेस्ट्री' या वंशशोधाच्या खासगी संकेतस्थळांनी केली. पहिल्यावर ती फुकट बघता येते. काउंट्यांच्या वंशशोध केंद्रांनी स्वतंत्रपणे केलेली सूची 'रूट्सआयर्लंड' वर आहे, तिला वर्गणी लागते, पण स्थानिक लोकांनी वाचलेली असल्याने आडनावं आणि गावं तिथे जास्त बिनचूक असतात. सूचीत नाव नाही म्हणजे नोंद नाही असं कधी समजू नका. सूची करणाऱ्यालाही तेच पुसट अक्षर वाचावं लागलं होतं.

आधी वही बरोबर धर्मग्रामाची आहे ना ते तपासा. ग्रिफिथच्या यादीतलं पॅरिश हे महसुली पॅरिश. कॅथलिक धर्मग्राम वेगळा, नाव वेगळं, हद्द वेगळी, आणि तो पुष्कळदा दोनतीन महसुली पॅरिश मिळून झालेला. संकेतस्थळावरच्या नकाशात टाउनलँड कोणत्या धर्मग्रामात येतं ते बघूनच वही निवडा. शहरांतल्या वह्या अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जातात, पण पश्चिमेकडच्या गरीब खेड्यांत त्या १८२० ते १८५० च्या दरम्यान सुरू होतात. त्यामागे जायला कागदच नाही.

आता लॅटिन. घाबरण्यासारखं त्यात फार नाही, शंभरएक शब्दांत काम भागतं, आणि वाक्याचा साचा ठरलेला: 'मी बाप्तिस्मा दिला, योआनेसला, याकोबुस मर्फी आणि होनोरा सलिवान यांच्या औरस पुत्राला, धर्मपालक दियोनिसियुस आणि ब्रिगिदा.' धर्मपालक म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेऊन उभे राहणारे. गोंधळ होतो तो विभक्तीने. आपण राम, रामाला, रामाचा म्हणतो तसं याकोबुसचं याकोबी होतं आणि योआनेसचं योआनेम. शेपूट बाजूला ठेवून मूळ नाव बघा. याकोबुस म्हणजे जेम्स, योआनेस जॉन, गुलिएल्मुस विल्यम, कारोलुस चार्ल्स, दियोनिसियुस डेनिस, ब्रिगिदा ब्रिजेट. थाडेउस बहुधा टिमोथी किंवा टेग निघतो. मुलाचं नाव 'गुलिएल्मुस' आहे म्हणून घरात त्याला कुणी तसं हाक मारत नव्हतं. लॅटिन फक्त वहीपुरतं, आडनावं इंग्रजीतच राहत.

आईचं नाव माहेरच्या आडनावासह लिहिण्याची कॅथलिक पद्धत आपल्याला वरदान आहे. त्यामुळे एका जोडप्याची सगळी मुलं ओळीने काढता येतात. ती सगळी काढाच. थोरल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं अशी रीत होती. नातवाला आजोबांचं नाव ठेवणाऱ्या मराठी घरांना हे वेगळं सांगायला नको. हा पुरावा नव्हे, पुढचा शोध कोणत्या नावाने करायचा याची खूण आहे. एकच नाव दोनदा दिसलं तर पहिलं मूल दगावलेलं असण्याचा संभव. धर्मपालकांची नावंही लिहून घ्या, ते पुष्कळदा काका, मामा, मावश्या असत.

लग्न मुलीच्या धर्मग्रामात लागे. ते शोधायला फेब्रुवारीची पानं आधी उघडा. उपवासकाळात (ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस) आणि आगमनकाळात (नाताळपूर्वीचे चार आठवडे) लग्नं होत नसत, त्यामुळे उपवासकाळ लागतो त्या ॲश वेन्सडेच्या आधीच्या आठवड्यांत एकच झुंबड उडे, जशी आपल्याकडे चातुर्मास लागण्यापूर्वी कार्यालयं मिळत नाहीत. पहिलं बाळंतपण अनेकदा माहेरी, म्हणून थोरल्याचा बाप्तिस्मा नवऱ्याच्या धर्मग्रामात सापडला नाही तर आईच्या धर्मग्रामात बघा. विवाहनोंदीत नात्यातल्या लग्नासाठी 'इन तेर्तियो ग्रादू' (तिसऱ्या पायरीत) अशी सूट दिलेली दिसली तर नवरा-नवरीचा पणजोबा किंवा पणजी एकच. 'सेकुंदो' असेल तर आजोबा किंवा आजी एकच. एका शब्दात दोन घराण्यांची गाठ सुटते.

अक्षर लागत नसेल तर आपलं नाव असलेल्या ओळीपाशी अडून बसू नका. मागची पुढची चारपाच पानं वाचा. त्याच गावची आडनावं पुन्हा पुन्हा येतात आणि त्या पाद्रीबाबांचा 'एस' आणि 'एल' कसा असतो ते कळतं. पानं सूक्ष्मपटावर कधी उलटसुलट आलेली असतात, मध्येच लग्नांची दोन पानं घुसलेली असतात. महिना सापडला नाही तर वहीच्या शेवटापर्यंत जाऊन बघा.

येत्या जूनमध्ये आयर्लंडला जाऊन सासरच्या पूर्वजांच्या कबरी बघायच्या आहेत. ते कॅथलिक, पण गावातलं जुनं दफनस्थान प्रोटेस्टंट चर्चच्या आवारात आहे. तिथे शोधण्यात अर्थ आहे का? — नाशिक

तिथेच शोधा. मध्ययुगीन पॅरिशची जुनी दफनस्थानं धर्मसुधारणेनंतर चर्च ऑफ आयर्लंडकडे गेली, पण गावच्या कॅथलिक कुळांनी आपल्या वाडवडिलांच्या जागा सोडल्या नाहीत. त्यामुळे कॅथलिक माणसाचं दफन प्रोटेस्टंट वहीत नोंदलेलं आढळतं. कॅथलिक वह्यांत मुळात दफनाच्या नोंदी फार थोड्या, एवढ्याचसाठी ही वाट महत्त्वाची.

मन घट्ट करून एक ऐका: बहुतेक गरिबांच्या कबरीवर दगड नसतोच. एखादा अनघड धोंडा उभा केलेला, बस्स. दुष्काळात मेलेल्यांना सामुदायिक खड्डे. बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं 'किलीन' नावाच्या वेगळ्या जागी, शेताच्या कडेला किंवा पडक्या चर्चपाशी. दगड असला तरी तो मृत्यूनंतर तीस वर्षांनी अमेरिकेतल्या मुलाने पैसे पाठवून बसवलेला असू शकतो, आणि मग वय-वर्षं आठवणीतून कोरलेली असतात. दगड उभारणारा कोण हे आधी वाचा. तो जिवंत वारस होता.

वाचायचं कसं? खडू, शेव्हिंगचा फेस, तारेचा ब्रश, ब्लीच यांपैकी काहीही दगडाला लावू नका. त्याने पृष्ठभाग झिजतो, आणि जुनी दफनस्थानं कायद्याने संरक्षित आहेत. दगडफूलही खरवडू नका, त्याबरोबर अक्षराचा कपरा निघून येतो. युक्ती प्रकाशाची आहे. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन दगडावर तिरकं पडतं तेव्हा पुसट खाचा उठून दिसतात. ऊन नसेल तर, आणि जूनमध्येही तिथे नसू शकतं, एकाने आरसा किंवा विजेरी दगडाच्या कडेला धरायची आणि दुसऱ्याने समोरून छायाचित्र घ्यायचं. शेजारच्या दगडांचीही छायाचित्रं घ्या, नातेवाईक जवळजवळ असतात. जाण्यापूर्वी 'हिस्टॉरिक ग्रेव्ह्ज' या संकेतस्थळावर ते दफनस्थान आधीच नोंदलेलं आहे का ते बघा.

शहरी पूर्वजांची गोष्ट वेगळी. डब्लिनच्या ग्लासनेविन दफनभूमीत १८३२ पासूनच्या वह्या आहेत आणि दहा लाखांहून अधिक दफनं. पैसे भरून नोंद घेताना एकट्या माणसाची न घेता त्या कबरीतल्या सगळ्यांची घ्या. एकाच कबरीत तीन पिढ्या, आणि वेगळ्या आडनावाची लेकसुद्धा, तिथेच सापडते. बेलफास्टमध्ये महापालिकेच्या दफनभूमींची नोंद १८६९ पासून ऑनलाइन शोधता येते. मिलटाउन ही कॅथलिक दफनभूमी त्यात धरलेली नाही.

आमच्या घराण्याचा मूळपुरुष आयरिश, मुंबई इलाख्याच्या गोऱ्या पलटणीत. लग्न १८६० च्या दशकात पुण्यात. घरात 'डब्लिन फ्युजिलियर्स' असं सांगतात, म्हणून डब्लिनच्या वह्या चाळल्या, काही मिळालं नाही. — पुणे कॅम्प

पलटणीच्या नावाने तुम्हाला फसवलं. रॉयल डब्लिन फ्युजिलियर्सची दुसरी बटालियन म्हणजे मूळची ईस्ट इंडिया कंपनीची पहिली बॉम्बे युरोपियन पलटण. कंपनीचं राज्य गेल्यावर ती राणीच्या सैन्यातली १०३ वी पलटण झाली आणि १८८१ च्या फेररचनेत तिला डब्लिनचं नाव मिळालं. तिसऱ्या बॉम्बे युरोपियन पलटणीची १०९ वी होऊन पुढे ती लेन्स्टर रेजिमेंटमध्ये गेली. १८६० मध्ये त्या पलटणीत असलेल्या माणसाचा डब्लिनशी संबंध असेलच असं नाही. कंपनीची शिपाईभरती आयर्लंडभर चाले.

सुरुवात पुण्याच्या लग्नापासून करा. मुंबई इलाख्यातल्या पाद्र्यांनी बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नकला लंडनला पाठवल्या. त्या ब्रिटिश ग्रंथालयाच्या इंडिया ऑफिस दप्तरात 'एन ३' या मालिकेत आहेत. त्यांची सूची 'फिबिस' या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आणि प्रतिमा 'फाइंडमायपास्ट' वर मिळतात. विवाहनोंदीतून वराच्या बापाचं नाव, हुद्दा आणि पलटण घ्या. अँग्लिकन बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं फक्त पहिलं नाव असतं, माहेरचं आडनाव नाही. तुमची मंडळी कॅथलिक असतील तर लंडनच्या नकलांवर थांबू नका, कॅथलिक नोंदी तिकडे अर्धवटच गेल्या. कॅम्पातल्या किंवा खडकीच्या ज्या चर्चमध्ये लग्न लागलं तिथली मूळ वही बघण्याची लेखी विनंती करा, आणि विनंतीत अंदाजे वर्ष व दोन्ही नावं द्या. नुसतं 'आमच्या पणजोबांचं बघा' म्हटलं तर कुणाला शोधता येणार?

आयर्लंडमधलं गाव मिळतं ते फौजेच्या कागदांतून. राणीच्या सैन्यातून पेन्शन घेऊन सुटलेल्यांचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'डब्ल्यू ओ ९७' मध्ये आहेत. त्यात जन्माचं पॅरिश, जवळचं गाव आणि काउंटी, भरतीचं वय, उंची, मूळ धंदा असा तपशील असतो. कंपनीच्या शिपायांची हजेरीपत्रकं आणि जहाजावर चढवल्याच्या याद्या ब्रिटिश ग्रंथालयात. पॅरिशचं स्पेलिंग भरती करणाऱ्या इंग्रज सार्जंटने कानाने ऐकून लिहिलेलं असतं. ते मोठ्याने उच्चारून बघा आणि 'लोगानम' (logainm.ie) या आयरिश ग्रामनामांच्या सरकारी संकेतस्थळावर त्या काउंटीत मिळतंजुळतं काय आहे ते शोधा. मग पुन्हा धर्मग्रामाची वही.

पत्नीची आजी गॉलवेत जन्मली. आयरिश पासपोर्टसाठी बाप्तिस्म्याचा दाखला चालेल का? आणि आजीऐवजी पणजी असती तर? — गोवा

आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील तर आधी परदेशी जन्मनोंदवहीत नाव नोंदवावं लागतं, पासपोर्ट त्यानंतर. त्यासाठी आजीचा पूर्ण नमुन्यातला सरकारी जन्मदाखला लागतो. संकेतस्थळावरून उतरवलेली प्रतिमा चालत नाही, पण तिच्यावरचा वर्ष, जिल्हा आणि पानाचा तपशील देऊन दाखला मागवला की तो लवकर मिळतो. शुल्क २० युरो. बाप्तिस्म्याचा दाखला पुढे करायचा तो सरकारी नोंद झालेलीच नाही असं निबंधक कार्यालयाने लेखी दिलं तरच. आजीचा आणि तिच्या मुलाचा विवाहदाखला, आजीचा मृत्यूदाखला, आणि दोन्ही पिढ्यांतल्या बदललेल्या आडनावांची साखळी जुळवून ठेवा. आजी जन्मदाखल्यावर ब्रिजेट आणि मृत्यूदाखल्यावर डिलिया असेल तर अर्ज तिथेच अडकतो, म्हणून दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा एखादा कागद आधीच जोडा. पणजीच्या आधारावर साधारणपणे हक्क मिळत नाही. पत्नीच्या आईने किंवा वडिलांनी पत्नीच्या जन्मापूर्वी स्वतःचं नाव त्या नोंदवहीत घातलेलं असेल तरच.